चिऊ-काऊची गोष्ट घरी खेळायची, तर कोणता खेळ निवडाल?

काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं आणि तो चिऊच्या दाराशी येऊन हाका मारू लागतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला हवं ते बरंच काही या छोट्या गोष्टीत आहे. तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं, एकामागून एक कामं होतात, एक वस्तू पाण्यात टिकते आणि दुसरी टिकत नाही, आणि कुणीतरी दाराबाहेर वाट बघत उभं असतं. प्रश्न पडतो तो घरी नेमकं काय करायचं याचा. सगळं एका दमात करायला गेलं की गोष्ट बाजूला राहते आणि पसारा तेवढा उरतो.

इथे पाच खेळ शेजारी शेजारी ठेवले आहेत. एकच करायचा असेल तर आमचं मत आधीच सांगतो: दाराचा खेळ. दुसऱ्यासाठी वेळ असेल तर पावसाचा प्रयोग. बाकीचे तीन चांगले आहेत, पण या दोघांच्या मागून.

| खेळ | तयारी | चालतो किती | पसारा | मोठ्यांचं लक्ष | मुख्य फायदा |
|---|---|---|---|---|---|
| दाराचा खेळ | १० मिनिटं | १०–१५ मिनिटं, रोज चालतो | जवळजवळ नाही | पूर्ण वेळ, पण बसल्या जागी | बोलणं, क्रम, थांबणं |
| पावसाचा प्रयोग | आदल्या दिवशी अर्धा तास | २० मिनिटं | भरपूर | पूर्ण वेळ, उभ्याने | निरीक्षण, अंदाज |
| मेणाचं चित्र | ५ मिनिटं | १५ मिनिटं | थोडा | सुरुवातीला | बोटांची ताकद |
| चित्रांचा क्रम | तासभर, एकदाच | ५–१० मिनिटं | नाही | मधून मधून | क्रम, गोष्ट सांगणं |
| आवाजांचा खेळ | काहीच नाही | ५ मिनिटं | नाही | पूर्ण वेळ | ध्वनी ओळखणं |

दाराचा खेळ

मूल आत बसू शकेल असं खोकं घ्या. एका बाजूला दार आखून तीन कडा कापा, चौथी बिजागरीसारखी राहू द्या. कापलेल्या कडांना चिकटपट्टी लावा, नाहीतर पुठ्ठ्याची धार बोटाला लागते. खोकं नसेल तर दोन खुर्च्यांवर चादर टाका. लांब ओढणी किंवा दोरी मात्र दाराला बांधू नका, खेळता खेळता ती गळ्याभोवती येऊ शकते.

आत एका ताटात बाळाचं सामान ठेवा: बाहुली, रिकामं भांडं, पंचा, अंगडं, टोपडं, तीट लावायला रिकामी डबी, पांघरूण. पहिले काही दिवस या वस्तू ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने मांडा. क्रम पाठ झाला की मुद्दाम मिसळून ठेवा.

आता चिऊ कोण आणि काऊ कोण? भरपूर बोलणाऱ्या मुलाला चिऊ करा, कारण दार तिच्या हातात असतं आणि दर वेळी नवं वाक्य तिलाच करावं लागतं. कमी बोलणाऱ्या किंवा बुजऱ्या मुलाला आधी काऊ करा. त्याला एवढंच म्हणायचं असतं, “चिऊताई, चिऊताई, दार उघड!” तेच शब्द चार-पाचदा म्हटले की जीभ सुटते, मग चार दिवसांनी भूमिका बदला. पालक नेमकं उलट करतात. न बोलणाऱ्या मुलाला ‘बोलायची संधी’ म्हणून चिऊ करतात आणि ते गप्प बसलं की स्वतःच सगळी वाक्यं म्हणून टाकतात.

या खेळात भाषेची खरी गंमत क्रियापदांत आहे. अंघोळ घालते, अंग पुसते, टोपडं बांधते, तीट लावते, दूध पाजते, थोपटून झोपवते. प्रत्येक कामाला वेगळा शब्द. तीन वर्षांचं मूल बहुतेक ठिकाणी ‘करते’वर भागवतं. “थांब, माझ्या बाळाला तीट करते,” असं म्हणालं तर ‘असं नाही म्हणायचं’ म्हणून अडवू नका. काऊने बाहेरून म्हणावं, “बरं बरं, तीट लाव हो, मग उघड!” बरोबर शब्द मुलाच्या कानावर पडला आणि खेळही मोडला नाही. असं रोज होत राहिलं की ‘लावते’ आपोआप तोंडी येतं.

तीन वर्षांच्या मुलासाठी तीनच कामं पुरेत: अंघोळ, अंगडं, झोप. चौथ्या वर्षी पाच. पुढे मूल स्वतःहून भर घालतं. बाळाची नखं कापते, बाळाला शी झाली, काहीही. ती भर आली की समजा गोष्ट त्याची झाली.

बिघडतं कुठे? पहिली गोष्ट म्हणजे घाई. हाक मारल्यावर मनातल्या मनात पाच आकडे मोजा आणि मगच पुढची हाक द्या. एवढ्या वेळात मूल वस्तू शोधतं, वाक्य जुळवतं. मोठ्यांना ही शांतता लांब वाटते, मुलाला ती हवी असते. दुसरी गोष्ट, मधेच परीक्षा घेणं. ‘आता काय राहिलं? आधी काय केलं होतं?’ असं विचारलं की काऊ नाहीसा होतो आणि समोर शिक्षक उभा राहतो. विचारायचंच असेल तर काऊच्या तोंडून विचारा: “अजून बाळाचं काय राहिलंय गं? मी भिजलो ना!” तिसरी, मूल पहिल्याच हाकेला दार उघडतं. उघडू द्या. कुणी भिजत उभं असताना दार उघडावंसं वाटणं चांगलंच आहे. पुढच्या फेरीत काऊने आत डोकावून म्हणावं, “अगं, बाळ तर ओलंच आहे!” मग मूल आपणहून पंचा उचलतं.

पावसाचा प्रयोग

हा खेळ मुलांना सगळ्यात जास्त आवडतो आणि तोच सगळ्यात जास्त फसतो. फसण्याची कारणं ठरलेली आहेत, म्हणून कृती नीट देतो.

काऊचं घर मातीचं करा. शेण वापरू नका. या वयात हात सतत तोंडात जातात आणि ताज्या शेणात पोट बिघडवणारे जंतू असतात. ‘ही माती आज शेण झाली आहे’ हे मूल सहज मानतं. दोन वाट्या चाळलेली माती घ्या, अर्ध्या वाटीपासून सुरुवात करून थोडं थोडं पाणी घाला. गोळा वळता आला आणि हाताला फारसा चिकटेनासा झाला की थांबा. वाटीला आतून ओलं फडकं लावा, त्यावर साधारण १ सेंमी जाडीचा थर दाबा, उलटं करून फडकं अलगद सोडवा. मग निदान एक रात्र, दमट हवेत दोन दिवस वाळू द्या. मातीचा रंग फिका झाला की ती तयार.

वाळवणं टाळू नका. ओल्या मातीवर पाणी पडलं तर ती नुसती बुळबुळीत होते, घर उभंच राहतं आणि गोष्ट खोटी ठरते. वाळलेली माती पाणी भराभर शोषते, आतल्या फटींत अडकलेली हवा बाहेर ढकलली जाते आणि घर तुकड्या-तुकड्यांनी ढासळतं. मातीत गवत किंवा भुसा मिसळू नका, त्याने ती घट्ट धरून राहते.

चिऊच्या घरासाठी २० × १० सेंमीचा जाड कागद मधोमध दुमडून तंबूसारखा उभा करा. दुमडण्याआधी दोन्ही बाजूंनी पांढरी मेणबत्ती दाबून घासा. घडीवर मेणाचा थर तडकतो, म्हणून दुमडल्यावर तिथे पुन्हा घासा. कापलेल्या कडांनाही मेण लावा, पाणी आधी तिथूनच शिरतं. कागद उजेडात तिरका धरला की मेण लागलेला भाग चकाकतो, कोरी जागा लगेच दिसते. मेण वितळवून त्यात कागद बुडवण्याचा मोह होईल, पण मुलं आसपास असताना गरम मेण नकोच.

दोन्ही घरं परातीत ठेवा. प्रत्येकाखाली कापसाचा एक बोळा, हे आतलं बाळ. बाटलीच्या झाकणाला सहा-सात बारीक छिद्रं पाडा (हे काम मोठ्यांचं) आणि साधारण २० सेंमी उंचीवरून मुलालाच पाऊस पाडू द्या. त्याआधी एकदाच विचारा, ‘काय होईल?’ जे उत्तर येईल ते राहू द्या. शेवटी बोळे हातात घेऊन बघायचे: एक चिखलाने माखलेला, एक कोरडा किंवा नुसता कडेला ओलसर. पाणी परातीत साचू लागलं तर थांबा आणि ओतून द्या, नाहीतर चिऊचं बाळही खालून भिजतं.

तांब्याने एकदम पाणी ओतलं की दोन्ही घरं आडवी होतात आणि मुलाला काहीच कळत नाही. चार वर्षांच्या पुढच्या मुलासाठी तिसरं घर ठेवा: तोच कागद, तीच घडी, पण मेण न लावलेलं. मग फरक माती आणि कागदाचा न राहता मेणाचा होतो, आणि प्रयोग खऱ्या अर्थाने प्रयोग होतो. तीन वर्षांच्या मुलासाठी तिसरं घर गोंधळाचं ठरतं, ते वगळा. चिखलाचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, नळी तुंबते. ते कुंडीत जाऊ द्या.

उरलेले तीन

मेणाचं चित्र हा प्रयोगाचा सोपा भाऊ. जाड कागदावर पांढऱ्या मेणबत्तीने चिऊचं घर काढायचं, काहीच दिसत नाही. मग पातळ रंग फिरवला की घर उमटतं. मेणबत्तीचा ४–५ सेंमीचा तुकडा द्या. लांब मेणबत्ती मूल मुठीत धरतं आणि ती मोडते, तुकडा मात्र चिमटीत धरावाच लागतो. जलरंगाच्या एका भागाला चार भाग पाणी. पोस्टर रंग जाडसर वापरला तर तो मेणावरही बसतो आणि चित्र गायब होतं. न उमटण्याचं दुसरं कारण म्हणजे हलका हात: ‘जोरात दाब’ म्हणण्याऐवजी कागदाखालून वर्तमानपत्र काढून घ्या, कडक जमिनीवर मेण चांगलं लागतं.

चित्रांच्या क्रमासाठी पोस्टकार्डाएवढी कार्डं करा. सुरुवात तीनने: काऊचं घर, पाऊस, चिऊच्या दारात काऊ. नंतर पाच. इथे मोठ्यांची एक ठरलेली चूक असते. तीट आधी की टोपडं आधी, याला खरं तर ठरलेलं उत्तर नाही, तरी मुलाला ‘चुकलं’ म्हटलं जातं. ज्यांचा क्रम बदलूच शकत नाही अशीच चित्रं घ्या. अंघोळीआधी अंगडं घालता येत नाही, झोपल्यावर दूध पाजता येत नाही. मुलाने वेगळा क्रम लावला तर ‘असं का?’ विचारा. कधी कधी कारण पटण्यासारखं निघतं. दाराचा खेळ आठ-दहा वेळा झाल्याशिवाय कार्डं काढू नका. जे शरीराने केलेलं नाही, ते चित्रात ओळखणं या वयात जड जातं.

आवाजांचा खेळ प्रवासात किंवा जेवायच्या आधी. ‘च’ ऐकू आला की पंख हलवायचे, ‘क’ ऐकू आला की काव म्हणायचं: चमचा, कप, चटई, कान. किंवा शब्दाचे तुकडे टाळ्यांनी पाडायचे, चि-ऊ दोन, चि-म-णी तीन. अक्षरं दाखवायची नाहीत, फक्त ऐकायचं.

छापील कार्यपुस्तिका आणि तयार संच या यादीत नाहीत ते मुद्दाम. चिऊला रंग भरा, काऊला घरापर्यंत पोचवा, अशा पानांत मूल दहा मिनिटं शांत बसतं खरं, पण बोलत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यात बोर्डी आणि मग कोसबाडला बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागड्या साहित्याऐवजी आसपासची पानं, खडे, बिया, शिंपले वापरले. या गोष्टीला तर पंचा, परात आणि मेणबत्तीचा तुकडा पुरतो.

तुमच्या घरी काय जमेल?

संध्याकाळी थकून घरी येत असाल तर दाराचा खेळ. तुम्ही काऊ होऊन बाहेर टेकून बसू शकता आणि फक्त आवाज द्यायचा असतो. घरात आजी-आजोबा असतील तर काऊची भूमिका त्यांच्याकडे द्या. प्रयोग सुट्टीच्या दिवशी सकाळी, माती आदल्या दिवशी घालून. पेन्सिल धरायला मूल कंटाळत असेल तर मेणाचं चित्र आठवड्यातून दोनदा. घरी दोन मुलं असतील, एक अडीचचं आणि एक साडेचारचं, तर मोठं चिऊ, धाकटं काऊ. प्रयोगात मात्र दोघांना वेगवेगळ्या बाटल्या द्या, नाहीतर पाऊस पडायच्या आधीच भांडण सुरू होतं.

गोष्टीचा शेवट घरोघरी वेगळा असतो. कुठे काऊ चुलीपाशी बसतो आणि त्याला चटका बसतो, कुठे तो चिऊचा खाऊ चोरून खातो. खेळताना चटक्याचा शेवट तीन वर्षांच्या मुलासोबत नको. काऊ आत आला, अंग पुसलं, बाळाशेजारी झोपला, इथवर पुरे. चार-साडेचारला मूल स्वतःच विचारतं, ‘काऊने खाऊ खाल्ला तर?’ तेव्हा तो शेवट खेळायला घ्या, आणि चिऊने त्याला काय म्हणावं ते मुलालाच ठरवू द्या.