हरभट रोडच्या बोळातले टायपिंगचे दुकान आणि तात्यांच्या नऊ वह्या

सांगलीत हरभट रोडला लागून असलेल्या एका बोळात मराठी टायपिंगचे छोटे दुकान आहे. पाटीवर दुकानाचे नाव नाही. 'मराठी-इंग्रजी टायपिंग, डीटीपी, झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग' एवढेच निळ्या रंगात लिहिलेले आहे. आत दोन संगणक, एक प्रिंटर आणि भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला पेन्सिलने ओढलेली एक आडवी रेघ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा दुकानात पाणी त्या रेघेपर्यंत आले होते. ग्राहकांची हस्तलिखिते ठेवण्याची फळी त्या रेघेच्या हातभर वर बसवलेली आहे. ती फळी पाहूनच मी तात्यांच्या वह्या इथे द्यायच्या ठरवल्या.

हे परीक्षण दुकानाचे आहे. पण ज्या कामावरून मी दुकानाची पारख केली ते काम काय होते हे सांगितल्याशिवाय ते पुरे होणार नाही. तात्या हे गावभागात एका खोलीत एकटे राहणारे लेखक होते. स्वतःची ओळख ते 'कृष्णाकाठचा बखरकार' अशी करून देत. भर मे महिन्यात अंगात काळा कोट, दोऱ्याने बांधलेले दोन चष्मे, आणि काखेत वह्यांची कापडी पिशवी. विष्णुघाटाच्या पायऱ्यांवर बसून धुणे धुणाऱ्या बायका, म्हशी धुवायला आणणारी मुले, अस्थी घेऊन आलेले परगावचे लोक काय बोलतात ते ऐकायचे आणि लिहून काढायचे, हा त्यांचा दिनक्रम होता. राजांच्या आणि पुढाऱ्यांच्या बखरी पुष्कळ झाल्या, आता काठावरच्या माणसांच्या बोलण्याची बखर व्हायला हवी, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते मला आजही पटते.

२०१२ साली मी रविवारच्या पुरवणीत त्यांच्यावर लेख लिहिला. त्यात 'चार हजार पानांची बखर' असा उल्लेख होता. आकडा तात्यांनी सांगितलेला होता आणि मी त्यातली वाचली होती फक्त पाच-सहा पाने. एरवी नगरपालिकेच्या टेंडरचा आकडाही दोन कागदांवर ताडून घेणाऱ्या मी ही चार हजार पाने मात्र विचारली नाहीत, कारण त्या आकड्याशिवाय लेख उभा राहत नव्हता.

त्या लेखानंतर आमची मैत्री झाली, असे लोक म्हणतात. मैत्री होतीच, पण ती कधी निवांत नव्हती. रात्री साडेनऊला, पाने छपाईला सोडायच्या ऐन घाईत, तात्या कचेरीत येत, कोऱ्या कागदांचे गठ्ठे मागत, पन्नास-शंभर रुपये नेत आणि जाताना "काय बातमीदार, आमच्यामुळं तुझं नाव झालं का नाही?" असे सगळ्यांसमोर विचारत. ते खोटे नव्हते. त्या लेखामुळे मला ओळख मिळाली होती आणि त्यांना लेखक म्हणून गावाने मान दिला होता. एकमेकांचे देणे असलेली दोन माणसे जशी वागतात तसे आम्ही वागत होतो. एकदा मी सगळ्या वह्या पाहायला मागितल्या, तर ते चार महिने माझ्याकडे फिरकले नाहीत. चौथ्या महिन्यात मीच भडंगाचा पुडा घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो आणि वह्यांचा विषय काढला नाही.

२०१९ च्या पुरात गावभागात पाणी शिरल्यावर तात्या म्हणाले की बखर गेली. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या क्षणी मला दुःखापेक्षा सुटका झाल्यासारखे वाटले, कारण आता त्या आकड्याचा पडताळा कुणीच घेऊ शकणार नव्हता. हे लिहिताना मला जड जाते आहे, पण ते खरे आहे.

अशा नात्याची एक प्रसिद्ध हकिकत न्यूयॉर्कची आहे. जोसेफ मिचेल या वार्ताहराने १९४२ साली 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात 'जो गूल्ड' नावाच्या फाटक्या, दारूत बुडालेल्या, हार्वर्डमध्ये शिकलेल्या लेखकाचे व्यक्तिचित्र लिहिले. गूल्ड म्हणे सामान्य माणसांच्या बोलण्याचा मौखिक इतिहास लिहीत होता आणि त्याची लांबी ९० लाख शब्दांवर गेली होती. पुढे मिचेलच्या लक्षात आले की तो प्रचंड ग्रंथ बहुधा नाहीच. वडिलांचा मृत्यू आणि असेच मोजके विषय गूल्ड पुन्हा पुन्हा नव्याने लिहीत बसला होता. गूल्ड १९५७ साली वारला. मिचेलने ही गोष्ट छापली ती थेट १९६४ मध्ये, आणि त्यानंतर १९९६ साली मृत्यू येईपर्यंतच्या तीन दशकांत त्या साप्ताहिकात त्याचा एकही नवा लेख आला नाही, जरी तो कचेरीत नियमित येत असे. मी ही हकिकत तात्यांच्या हयातीत वाचली होती आणि तात्यांना कधी सांगितली नव्हती.

तात्या गेल्या वर्षी वारले. त्यांच्या पुतण्याने खोली रिकामी करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत नऊ वह्या सापडल्याचे कळवले. म्हणजे पुरात सगळे गेले नव्हते. दोन वह्या भिजून वाळलेल्या होत्या. शाईच्या पेनाने लिहिलेला मजकूर पसरून निळा डाग झाला होता, बॉलपेनाचा मात्र जवळजवळ शाबूत होता. चिकटलेली पाने दुकानातल्या ताईंनी ओढून काढली नाहीत. मधे वर्तमानपत्राचे कोरे कागद घालून, उन्हात न ठेवता पंख्याखाली आठ दिवस ठेवली आणि मग एकेक सोडवली. टायपिंगच्या आधी सगळ्या पानांचे स्कॅन करून मला पेन ड्राइव्हवर दिले, "म्हणजे माझ्याकडनं काय चुकलं तर मूळ तुमच्याकडं असावं." या कामाचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

दर हस्तलिखिताच्या पानाला ४० रुपये, त्यात दोन प्रुफे. काम सुरू होऊन पंधरा दिवस झाले आणि ताईंचा फोन आला. "सर, हे प्रकरण मी आधी टाइप केलंय. तिसऱ्या वहीत आहे, पाचव्यात आहे, आता सातव्यात परत आलंय. पुढं करत बसू का? तुमचे पैसे जातील." मी दुकानात गेलो. त्यांनी एका रुळाच्या कागदावर यादी केली होती: कोणत्या वहीत, कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत. लिहिलेली एकूण पाने ४१२ भरली. त्यांतली ३०८ पाने म्हणजे एकच प्रकरण चौदा वेळा लिहिलेले: आयर्विन पूल १९२९ साली खुला झाल्यावर ज्याची नाव रिकामी राहू लागली, अशा एका नावाड्याची गोष्ट. पहिल्या खर्ड्यात तो नावाडी कुणीतरी म्हातारा आहे. सहाव्यात तो शेजारी झाला आहे. अकराव्यापासून तो तात्यांचा आजा आहे, आणि तो काठावर बसून पुलावरून जाणारी माणसे मोजतो. पहिले वाक्य मात्र चौदाही ठिकाणी अक्षरशः तेच आहे. उरलेली १०४ पाने घाटावर ऐकलेल्या बोलण्याची आहेत आणि ती फार चांगली आहेत.

ताईंना ही यादी न करता ४१२ पानांचे बिल सहज लावता आले असते. मी ते निमूट भरले असते. त्या वह्यांकडे पाहून त्या हसल्या नाहीत की 'म्हातारं भ्रमिष्ट होतं' असेही म्हणाल्या नाहीत. "दर वेळी जरा बरं लिवलंय," एवढेच म्हणाल्या. तात्यांच्या लेखनावर इतक्या नेमकेपणाने माझ्यासकट कोणी बोललेले मला आठवत नाही. मी चौदाही खर्डे क्रमाने टाइप करायला सांगितले.

आता दोष. सर्वांत गंभीर म्हणजे पहिल्या प्रुफात ताईंनी तात्यांची भाषा 'शुद्ध' केली होती. 'हितं'चे 'इथे', 'न्हवं'चे 'नव्हे', 'व्हय'चे 'होय' झाले होते, आणि ज्या १०४ पानांचा जीवच त्या बोलण्यात आहे ती निबंधासारखी वाचायला लागत होती. सांगितल्यावर त्यांनी एकेक शब्द मुळाशी ताडून परत केला आणि जादा पैसे मागितले नाहीत. पण बोलीभाषेतला मजकूर देणाऱ्याने हे आधीच लिहून द्यावे. दुसरे, त्या श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करतात. तो मजकूर मोबाइलवर किंवा दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हे दिसतात, म्हणून सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड पद्धतीत बदलून घ्यावा लागतो, आणि त्या बदलात रफार व 'ऱ्या', 'ऱ्ह' अशी अक्षरे हमखास बिघडतात. 'पायऱ्या' हा शब्द मला शंभरावर ठिकाणी हाताने दुरुस्त करावा लागला. युनिकोडमध्येच टाइप करून हवे, हे पहिल्या दिवशी सांगावे. स्पायरल बाइंडिंग कमकुवत आहे, ते दुसरीकडे करा. दुपारी एक ते चार फोन उचलला जात नाही. काम कबूल केलेल्या तारखेपेक्षा अकरा दिवस उशिरा मिळाले, त्याचे मला काही वाटले नाही, पण प्रबंधाची तारीख गळ्याशी आलेल्या विद्यार्थ्याला वाटेल.

नवव्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून माझ्या २०१२ च्या लेखाचे कात्रण खळीने चिकटवलेले होते. 'चार हजार पानांची बखर' या शब्दांखाली तात्यांनी लाल पेनाने रेघ मारली होती. ताईंनी त्यावर चिठ्ठी लावून विचारले होते: 'हे मजकुरात धरायचे का?' मी चिठ्ठीच्या मागे लिहिले की धरायचे, आकडा तसाच ठेवायचा, आणि खाली माझ्या नावाने एक ओळ घालायची: 'ही पाने वार्ताहराने पाहिलेली नव्हती.' शेवटच्या प्रुफात ती ओळ जागेवर आली आहे. बिलात ४१२ च पाने धरली आहेत.