मान धरली असेल तर जा, पण संध्याकाळी नको

सांगलीत आमच्या घराजवळचं फिजिओथेरपी सेंटर. पाचपैकी चार तारे.

माझं ब्लाउज शिवायचं काम. लग्नसराईत दिवसभर मान मशीनवर. एक दिवस सकाळी उठले तर मान डावीकडं कलंडलेली, सरळच होईना. सासूबाई म्हणाल्या, उशीखाली लाटणं ठेव. दीर म्हणाले, सलूनमध्ये एक झटका मारून घे. (हे अजिबात करू नका. अशा झटक्यानं मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन माणसाला लकवाही होऊ शकतो.)

इथल्या मॅडमनी आधी विचारपूस केली. पडलात का, ताप आहे का, हाताला मुंग्या येतात का, हातातली वस्तू निसटते का, चालताना तोल जातो का. यातलं काही असतं तर आधी डॉक्टरकडं पाठवलं असतं म्हणाल्या. मग गरम शेक आणि चार पॅड लावून आयएफटीचं मशीन (सौम्य वीजप्रवाहानं दुखणं कमी करणारं). त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, खरं काम हाताचं. गालाला तळवा टेकवून म्हणाल्या, "ताई, हलकेच माझा हात ढकला, पण मान हलू द्यायची नाही." जरा वेळ तसंच धरायचं, मग श्वास सोडत ढिलं सोडायचं, की मान थोडी पुढं सरकायची. परत तेच. कुठं कट्कन वाजलं नाही, आणि हनुवटी बरीच वळली.

शेजारणीला ट्रॅक्शन, म्हणजे मान ताणून धरणारा पट्टा लावलेला, म्हणून मीही मागितलं. नको म्हणाल्या. तिची मणक्यात नस दबलेली, माझा नुसता स्नायू आखडलेला. गळ्याचा पट्टाही कायम घालायचा नाही, स्नायू कमजोर होतात. घरी हनुवटी आत ओढायचा व्यायाम दिला आणि चक्क माझ्या शिलाई मशीनचा फोटो मागवला. आता मान कमी वाकावी म्हणून स्टँडखाली लाकडी ठोकळे आहेत.

पलीकडच्या खाटेवरच्या काकांची मान मात्र आपोआप ओढली जाते, कित्येक महिने. तो डिस्टोनिया, मेंदूच्या चुकीच्या इशाऱ्यानं स्नायू आवळण्याचा आजार. त्यांना न्यूरोलॉजिस्ट साधारण तीन महिन्यांनी बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, आणि काका इथं व्यायामाला येतात.

एक तारा कापला तो काउंटरवाल्यांमुळं. आल्या आल्या दहा सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारतात. साधी आखडलेली मान बहुतेकदा आठवड्याभरात सुटते, तेव्हा सिटिंगमागं पैसे द्या. संध्याकाळी वेळ घेऊनही ताटकळावं लागतं.

आणि जाताना मोठ्या गळ्याचा, पुढं बटणं असलेला कुडता घाला. बंद गळ्यात पॅड लागत नाहीत, आणि डोक्यावरून काढताना जीव जातो.