थिसिसचं पुस्तक केलं परदेशी अकॅडेमिक प्रेसकडून, काही महिन्यांनंतरचा अनुभव (लांबलचक आहे)

पीएचडी झाली की लोक लगेच विचारतात पुस्तक कधी, आणि त्याच्या मागोमाग, कुठून काढणार. माझा विषय अठराव्या शतकातली पुणे-सातारा भागातली गावं आणि वतनदारांची भांडणं, बहुतेक माल पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तराच्या मोडी रुमालांतला (रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), लिखाण इंग्रजीत. परदेशातल्या एका प्रेसकडे दिलं. नाव घेत नाही, घेऊन फार उपयोगही नाही, कारण ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी दुसरीकडून काढलं त्यांचंही रडगाणं जवळपास हेच आहे.

आधी चांगलं सांगतो, रिव्ह्यू. प्रपोजल आणि नमुन्याची प्रकरणं रिव्ह्यूअरकडे जातात, मग पूर्ण मॅन्युस्क्रिप्ट परत जातं, त्यांची नावं आपल्याला कळत नाहीत. माझ्या दोघांपैकी एकाने आयुष्यभर मोडी वाचलेली असणार, कारण त्याने सरळ विचारलं की हा महजर (वादाच्या निकालाचा, जमलेल्या लोकांच्या साक्षीनिशी लिहिलेला कागद) तुम्ही निवाडा म्हणून वापरताय, पण तो जपून ठेवला जिंकलेल्या घराण्याने, मग हरलेल्याचं म्हणणं यात कितपत खरं उतरलं असेल? व्हायवाला, म्हणजे थिसिसच्या तोंडी परीक्षेला, कुणी हे विचारलं नव्हतं. त्यापायी एक अख्खं प्रकरण मोडून परत लिहिलं आणि आता पुस्तकात तेच सगळ्यात बरं जमलंय. या लोकांना मोबदला म्हणजे किरकोळ मानधन नाहीतर प्रेसची चार पुस्तकं, तेवढ्यावर आपलं एवढं बारकाईने कोण वाचतं हो? या एका गोष्टीसाठी पाचपैकी पाच.

थिसिस शोधगंगावर (भारतीय विद्यापीठांतल्या थिसिसांची वेबसाइट) फुकट पडलेला असतो, तर प्रेस पुस्तक कशाला घेईल, तिथे अडतं का असं बरेच जण विचारतात. मला एडिटरने एवढंच म्हटलं की पुस्तक वेगळं दिसलं पाहिजे. म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा जवळजवळ सगळा काढा, मेथडॉलॉजी प्रस्तावनेत चार परिच्छेदांत उरका, तळटीपा छाटा. गाइडला खूश ठेवायला जे जे घातलं होतं ते सगळं गेलं, खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

इथून पुढे मात्र हळूहळू लक्षात येतं की काम आपणच करायचंय. टाइपसेटिंग चेन्नईतल्या कंपनीकडे होतं, तिथली मंडळी मेलला तत्पर, पण रोमन लिपीत ळ दाखवायला एल अक्षराखाली जे टिंब लागतं ते पहिल्या प्रूफमध्ये निम्म्या ठिकाणी गायब, निम्म्या ठिकाणी चौकोन. कारण फॉन्ट. प्रत्येक गावाचं नाव पीडीएफमध्ये शोधून खूण करत बसलो. फोटोंसाठी ३०० डीपीआयचे स्कॅन, दफ्तरखान्याची लेखी परवानगी, नकाशा काढून घेण्याचा खर्च, सगळं लेखकाकडे. कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं असतं, फक्त वाचताना आपण रॉयल्टीचं कलम शोधत असतो.

आणि इंडेक्स, पुस्तकाच्या शेवटची नावं-विषयांची सूची! हा प्रकार कुणी आधी सांगत नाही. पानांचे आकडे पक्के झाले की मगच करता येतो, आणि तेव्हा मुदत असते मोजक्या दिवसांची. प्रेसने माणूस दिला तर पैसे माझ्या रॉयल्टीतून वळते. सॉफ्टवेअर लावून बघितलं तर कुलकर्णी या हुद्द्याची आणि कुलकर्णी आडनावाच्या माणसांची एकच नोंद, पाटलाचंही तेच, देशपांड्यांचंही तेच. शेवटी हाताने केला, बायकोने पानं वाचायची आणि मी टाइप करायचं.

पैशाबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. रॉयल्टी छापील किमतीवर नसून प्रेसच्या हातात पडलेल्या रकमेवर, आणि माझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पहिल्या काहीशे प्रतींवर शून्य. छापतातच थोड्या, पुढे मागणीनुसार. हार्डबॅकची किंमत ८० पौंडांच्या वर, ती लायब्ररीसाठी ठरवलेली. ज्या घराण्यांनी आपापली दफ्तरं माझ्यापुढे उघडली त्यांना मी काय सांगू, नऊ-दहा हजार रुपये काढा म्हणून? लेखकाची सवलत वापरून काही प्रती घेतल्या आणि वाटल्या. ओपन अ‍ॅक्सेस करा, म्हणजे ऑनलाइन सगळ्यांना फुकट ठेवा म्हणाल, तर त्यासाठी प्रेसला भरायचे मोठ्या प्रेसांचे दर १०,००० पौंडांच्या आसपास असतात, आपल्याकडच्या कॉलेजातल्या माणसाने तो विषयच काढू नये.

नोकरीच्या हिशोबाने फायदा आहे, नाही असं नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२ गुण, देशातल्या प्रकाशकाला १०. म्हणजे फरक दोन गुणांचा, आणि देशातल्या चांगल्या प्रकाशकाने तेच पुस्तक लोकांना परवडेल अशा किमतीत काढलं असतं. नुसत्या गुणांसाठी परदेशी प्रेसच्या मागे लागलेल्यांनी हे गणित करून बघा. मी गेलो रिव्ह्यूसाठी, तो मिळाला, म्हणून तक्रार मर्यादित.

सही करण्याआधी दोन कलमं मात्र मागूनच घ्या. एक, दक्षिण आशियासाठी स्वस्त आवृत्ती दुसऱ्या प्रकाशकाला देण्याचं, जमलं तर त्याला मुदत घालून. माझ्याकडे नुसतं ‘विचार करू’ आहे आणि अजून विचारच चाललाय. दुसरं, अनुवादाचे हक्क. छापील कॉन्ट्रॅक्टमध्ये जगातल्या सगळ्या भाषांचे हक्क त्यांच्याकडे जातात, मी मराठीचे माझ्याकडे राहू द्या असं लिहिलं, एडिटरने एका ओळीत हो म्हटलं, त्यांना मराठीत काढायचंच नव्हतं. आता मराठी पुस्तक सुरू केलंय. अनुवाद करत नाहीये, परत मुळापासून लिहितोय, कारण मोडी कागदांतली वाक्यं इथे जशीच्या तशी देता येतात आणि वतन म्हणजे काय हे समजावण्यात घातलेली पहिली चाळीस पानं सरळ उडवता येतात.