कोलंबी हिरवी, पोळी लाल : फूड ॲलर्जीच्या दोन रक्ततपासण्यांचा आठ महिन्यांचा अनुभव

मी मूळचा रेवदंड्याचा, राहायला पुण्यात. बायको शाकाहारी घरातली, त्यामुळे आमच्याकडे मासे शिजतात ते माझी आई आली की. बाकी वेळी दुसऱ्यांच्या घरी किंवा खानावळीत. हे आधी सांगण्याचं कारण पुढे कळेल.

गेल्या मे महिन्यात एका मित्राच्या वास्तुशांतीनंतरच्या पार्टीत कोलंबी भात खाल्ला. वीसेक मिनिटांत तळहात खाजायला लागले, ओठ जड झाले, पाठभर गांधी उठल्या. आईने फोनवर आमसूल चोळायला सांगितलं, जवळच्या डॉक्टरांनी गोळी दिली, दोन तासांत सगळं निवळलं. वय एक्केचाळीस आणि लहानपणापासून कोलंबी खात आलेलो, म्हणून तिच्यावर संशयच आला नाही. उन्हाळा, तेल, काजू, रंग, काहीही असेल असं वाटलं. मग ठरवलं की एकदा सगळ्याचीच तपासणी करून टाकू.

इथे मी पहिली चूक केली. मोबाइलवर शोधलं आणि दोनशेहून जास्त पदार्थांची एकाच रक्तात तपासणी करणारं पॅकेज घेतलं. साडेसात हजार रुपये. लॅबचा मुलगा वेळेवर घरी आला, रक्त नीट काढलं, आठवड्यात रिपोर्ट आला. रिपोर्ट दिसायला लग्नाच्या अल्बमसारखा. अठरा रंगीत पानं, लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्या, शेवटी आहारतज्ज्ञांशी फुकट बोलण्याची सोय. लाल यादीत गहू, गाईचं दूध, अंड्याचा पांढरा भाग, शेंगदाणे, लसूण, बदाम. हिरव्या यादीत, म्हणजे बिनधास्त खा म्हणून, कोलंबी.

जून ते सप्टेंबर मी ती यादी पाळली. खरं तर बायकोने पाळली, मी फक्त जेवलो. मराठी स्वयंपाकघरातून दाण्याचं कूट काढलं की काय उरतं ते करून बघितल्याशिवाय समजत नाही. कोशिंबीर गेली, भरली वांगी गेली, चतुर्थीची खिचडी गेली. पोळीऐवजी भाकरी, चहाऐवजी कोरा काढा. चार किलो वजन उतरलं तेव्हा ऑफिसात लोक डाएट विचारायला लागले. मीही उगाच सांगत सुटलो की आता फार हलकं वाटतं. साखर, बेकरी आणि बाहेरचं खाणं बंद केल्यावर कुणालाही हलकं वाटेल, हे तेव्हा सुचलं नाही.

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि मावशीने सोड्याची खिचडी केली. सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबीच. मी मावशीला मोठ्या ऐटीत सांगितलं की गव्हाची पोळी मला चालत नाही, पण हे चालतं, रिपोर्टमध्ये हिरवं आहे. ताट संपायच्या आत घसा आवळल्यासारखा झाला, आवाज बसला, उलटी झाली. मावसभावाने गाडी काढली आणि अलिबागला नेलं. तिथे मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. मावशी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली तेव्हा एकच वाक्य बोलली, "तुझा तो कागद चुलीत घाल."

पुण्यात परत आल्यावर ॲलर्जीच्या तज्ज्ञ डॉक्टर मॅडमकडे गेलो. अठरा पानं टेबलावर ठेवली, त्यांनी पहिलं पान पाहून बाजूला सारली. पाऊण तास फक्त प्रश्न. काय खाल्लं, किती, किती मिनिटांनी सुरू झालं, आधी कधी झालं होतं का, त्या दिवशी व्यायाम केला होता का, दारू घेतली होती का, वेदनाशामक गोळी घेतली होती का. मे महिन्यातला कोलंबी भात आणि सप्टेंबरमधले सोडे त्यांनी एका ओळीत लिहिले तेव्हा मलाच लाज वाटली. दोनशे पदार्थांची यादी विकत घेण्यापेक्षा एवढं घरी बसून कागदावर लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

पहिल्या रिपोर्टचं कोडं त्यांनी सोडवलं. त्यात मोजलं होतं ते आयजीजी, म्हणजे रक्तातलं एक प्रतिद्रव्य (अँटीबॉडी). जे अन्न आपण नेहमी खातो त्याच्याविरुद्ध शरीर हे प्रतिद्रव्य बनवतंच, ती त्या अन्नाशी झालेल्या ओळखीची खूण असते. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगून ठेवलंय की आयजीजी-४ च्या (आयजीजीचाच एक उपप्रकार) चाचणीवरून फूड ॲलर्जी ठरवू नये. म्हणजे माझ्या लाल यादीत मी रोज काय खातो ते छापून आलं होतं, आणि कोलंबी हिरवी होती कारण ती वर्षातून चार-पाच वेळाच पोटात जायची. एका अर्थी रिपोर्ट खरा होता. त्याने माझा किराणा अचूक ओळखला.

खरी तपासणी आयजीईची, म्हणजे अशी झटकन उठणारी ॲलर्जी घडवणाऱ्या प्रतिद्रव्याची. हे प्रतिद्रव्य १९६० च्या दशकात अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहानसन-बेनिख या जोडीने स्वतंत्रपणे शोधलं. रक्तातलं ज्या त्या पदार्थासाठीचं आयजीई मोजायच्या चाचण्या त्यातूनच निघाल्या. डॉक्टरांनी पाचच गोष्टी लिहून दिल्या: कोलंबी, खेकडा, तिसऱ्या (खायचे शिंपले), धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे किडे) आणि झुरळ. शेंगदाणे मी हट्टाने सहावे घालून घेतले. सगळे मिळून सहा हजारांच्या आत बसलं. उपाशी राहावं लागत नाही, खाजेची गोळी चालू असली तरी बंद करावी लागत नाही. कातडीवर टोचून करायच्या चाचणीसाठी ती काही दिवस आधी थांबवावी लागते, आणि माझ्या गांधी तेव्हा अजून अधूनमधून उठत होत्या, म्हणून रक्ताचाच मार्ग धरला.

रिपोर्ट एक पानी, काळा-पांढरा. कोलंबी ८.४, खेकडा ६.९, माइट २२, झुरळ ५.१, तिसऱ्या ०.२, शेंगदाणे ०.५२. एकक किलोयुनिट प्रति लिटर. ०.३५ च्या पुढे सहसा पॉझिटिव्ह धरतात आणि पुढे सहापर्यंत वर्ग पाडतात, त्यात कोलंबी वर्ग तीनमध्ये बसली.

झुरळाचा आकडा पाहून बायकोने विचारलं, "हे कधी खाल्लंस?" हसण्यावारी नेलं, पण उत्तर मोठं मजेदार आहे. कोलंबीच्या स्नायूत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं, जवळपास तसंच प्रथिन झुरळात आणि माइटमध्येही असतं. सगळे दूरचे नातेवाईक. शरीर एकाला ओळखायला शिकलं की दुसऱ्यालाही हटकतं. म्हणूनच नुसत्या धुळीच्या ॲलर्जीवाल्याचाही कोलंबीचा आकडा वर येऊ शकतो आणि तो माणूस मजेत कोलंबी खात असतो. माझ्या बाबतीत आकड्यामागे दोन प्रसंग उभे होते, म्हणून निदान पक्कं झालं. आकडा मोठा म्हणजे त्रास मोठा होणार असंही नाही. आकड्यावरून फक्त ॲलर्जीची शक्यता किती ते कळतं.

शेंगदाण्याचा ०.५२ पाहून माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी विचारलं, जूनच्या आधी दाणे खाल्ल्यावर कधी काही झालं? कधीच नाही. मग खा, विषय संपला. कर्नाटकात काही वर्षांपूर्वी एक मोठी पाहणी झाली होती. तिच्यात साधारण चारातल्या एकाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं, पण खरी ॲलर्जी असावी असे निघाले एक टक्क्याच्या आसपास. हे ऐकल्यावर "फुल बॉडी ॲलर्जी पॅनेल" या प्रकाराबद्दल माझं मत कायमचं बदललं. त्या संध्याकाळी घरी खिचडी झाली, कूट मुठीने.

माशांची तपासणी त्यांनी लिहूनच दिली नाही. लॅबकडे मासा म्हणून कॉड असतो, तुम्ही बांगडा खाताय आणि काही होत नाही, मग कशाला पैसे घालवायचे? माशाच्या ॲलर्जीचं प्रथिन सहसा वेगळंच असतं. अडचण मासे शिजवण्याची आहे. खानावळीत सुरमई त्याच तेलात तळतात ज्यात आधी कोलंबी पडलेली असते. त्यामुळे हॉटेलातलं फ्राय सोडलं. पाकिटबंद मालावर कवचधारी जलचर असतील तर तसं छापणं नियमाने बंधनकारक आहे, पण मावशीच्या वांग्याच्या भाजीतल्या सोड्यांना लेबल नसतं. तिथे विचारायचंच. आता मावशीच आधी सांगते.

तिसऱ्यांचा प्रश्न उरला होता. आकडा नगण्य, पण खाऊन वर्ष झालेलं आणि त्यांच्यातही ते ट्रोपोमायोसिन थोड्या वेगळ्या रूपात असतंच. डिसेंबरमध्ये हॉस्पिटलात सलाइनची सुई लावून, डॉक्टरांसमोर, मीठ-हळदीत उकडलेल्या तिसऱ्या खाल्ल्या. आधी कणभर, दर वीस मिनिटांनी थोड्या जास्त. शेवटी ही खाऊन बघण्याची परीक्षाच खरी, रक्त फक्त तिच्यापर्यंत नेऊन सोडतं. ड्यूटीवरच्या सिस्टर वसईच्या. डबा उघडल्यावर म्हणाल्या, "खोबरं नाही, मसाला नाही, ह्या कशा जातात हो तुम्हाला?" गेल्या. काही झालं नाही.

तक्रारी माझ्याही आहेत. चांगल्या रिपोर्टवरही आकड्याचा अर्थ कुठेच लिहिलेला नसतो, आणि एकटा माणूस रात्री अकराला तो उघडून घाबरतो. ॲड्रेनलिनचं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. माझ्याकडे लेखी सूचना आहेत, की नुसत्या गांधी असतील तर गोळी, श्वास किंवा घसा धरला तर वाट न बघता इंजेक्शनसाठी हॉस्पिटल. तो कागद पाकिटात घडी करून ठेवलाय. पहिल्या लॅबचा मेसेज अजून दर महिन्याला येतो, फेरतपासणीवर तीस टक्के सूट.

नऊ वर्षांच्या मुलीचीही तपासणी करून घ्यावी असं आम्हा दोघांना वाटत होतं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं, तिला कशानेच काही होत नाही तर रक्ताला काय विचारणार? गेल्या रविवारी रेवदंड्याला तिने मावशीच्या हातचं कोलंबीचं कालवण दोनदा मागून घेतलं. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या तव्यावरची सुरमई घेऊन बसलो होतो.