‘स्पॉट द स्टेशन’: दीड वर्ष वापरल्यावर

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आपल्या डोक्यावरून कधी जाणार, हे सांगणारं नासाचं हे मोफत अ‍ॅप मी दीड वर्ष वापरते आहे. त्याआधी फोनवर दुसरं एक होतं. त्याच्या भरवशावर एका संध्याकाळी मी पंचवीस मिनिटं गच्चीवर उभी राहिले आणि काहीच आलं नाही. नंतर कळलं की त्यातली माहिती दहा दिवसांपूर्वीची होती. चारशे किलोमीटर उंचीवरही हवेचा पुसट विरोध असतोच. त्याने स्थानक हळूहळू खाली येतं आणि अधूनमधून इंजिनं पेटवून त्याला पुन्हा वर न्यावं लागतं. तसं झालं की वेळा सरकतात. म्हणून कुठलंही अ‍ॅप असो, पुढच्या पंधरवड्याची यादी पाहून बेत ठरवू नका. त्याच दिवशी दुपारी पुन्हा एकदा बघा.

यादीत प्रत्येक फेरीची वेळ, ती किती मिनिटं दिसेल, कुठून येईल, कुठे जाईल आणि जास्तीत जास्त किती अंश वर येईल, एवढं असतं. नवख्याने आधी अंश पाहावेत. हात लांब करून मूठ आकाशासमोर धरली की साधारण दहा अंश झाकले जातात. वीस अंशांची फेरी म्हणजे क्षितिजापासून दोनच मुठी, समोर इमारत असेल तर गेलीच. चाळिसाच्या खालच्या फेरीसाठी मी उठत नाही, साठाच्या वरची असेल तर घरातल्या सगळ्यांना उठवते. फोन वर धरला की कॅमेऱ्यातल्या आकाशावर मार्ग उमटतो, पहिल्या दोन-तीन वेळा त्याचा फार आधार वाटतो. दुर्बीण लागत नाही. ठिपका लुकलुकत असेल तर ते विमान समजा, स्थानकाचा प्रकाश स्थिर असतो. आपल्याकडे अंधार आणि वर त्याच्यावर ऊन, अशी वेळ संध्याकाळी किंवा पहाटेच जुळते. काही आठवडे यादी रिकामीच राहते, तेव्हा अ‍ॅप बिघडलं असं समजू नका.

गेल्या वर्षी आईच्या दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिल्यावर पहिल्या चांगल्या फेरीला मी तिला गच्चीवर नेलं. वायव्येकडून शुक्रासारखा ठळक ठिपका वर चढला, डोक्याजवळून गेला आणि पूर्वेकडे उतरता उतरता तांबूस होऊन विझला. पृथ्वीच्या सावलीत शिरला तो. आईने विचारलं, “कुणाचं गं ते?”

मला एका वाक्यात सांगता येईना. त्या रात्री बराच वेळ वाचत बसले.

२९ जानेवारी १९९८ रोजी वॉशिंग्टनमध्ये पंधरा देशांच्या सरकारांनी करार केला: अमेरिका, रशिया, जपान, कॅनडा आणि युरोपातले अकरा देश. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला ‘झार्या’ हा पहिला भाग कझाकस्तानातल्या बैकोनूर प्रक्षेपण केंद्राहून वर गेला. तो रशियात बांधला, रशियाच्या प्रोटॉन रॉकेटवर गेला, पण पैसे अमेरिकेने दिले होते म्हणून मालकी अमेरिकेची. ज्याने जो भाग आपल्या नावावर नोंदवला त्याच्यावर अधिकार त्याचाच, असं करारात आहे. युरोपच्या ‘कोलंबस’मधून जपानच्या ‘किबो’मध्ये जायचं तर मधली अमेरिकेची ‘हार्मनी’ ओलांडावी लागते. काही मीटर तरंगत जाताना तीन हद्दी! घड्याळ ना ह्यूस्टनचं ना मॉस्कोचं, ग्रीनिचचं. वीज बहुतांशी अमेरिकी सौरपंखांतून येते आणि उंची राखण्याचा मुख्य भार रशियाच्या बाजूवर आहे. जमिनीवर या दोन सरकारांचं कितीही बिनसलं तरी वर एकाला दुसऱ्यावाचून चालत नाही.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते कक्षेचं. रशिया सामील होण्याआधी आराखडा २८.५ अंश कलाच्या, म्हणजे विषुववृत्ताशी तेवढा कोन करणाऱ्या कक्षेचा होता, फ्लोरिडाहून उड्डाणाला सोयीचा. बैकोनूर बरंच उत्तरेला आहे, तिथल्या रॉकेटांना ती कक्षा जमणारी नव्हती. म्हणून स्थानक ५१.६ अंशांच्या कक्षेत बांधलं. त्या कक्षेत जाताना अमेरिकेच्या स्पेस शटल यानाला कमी वजन नेता यायचं, म्हणून त्याची बाहेरची इंधनटाकी सुमारे ३.४ टनांनी हलकी करावी लागली. एवढी पदरमोड केली ती दुसऱ्याला पोचता यावं म्हणून. त्यामुळेच आज पृथ्वीवरच्या बहुतेक माणसांना ते दिसतं. जुन्या कक्षेत राहिलं असतं तर लंडन, बर्लिन, मॉस्कोच्या आकाशात कधी उगवलंच नसतं. फेरीची सूचना वाजली की आता मला आधी हीच कक्षा आठवते.

आईला सकाळी हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “आत्ता आत किती जण आहेत?” एरवी सात असतात. २ नोव्हेंबर २००० पासून एकही दिवस ते रिकामं राहिलेलं नाही.

मी या सेवेला पाचपैकी पाच देते, आणि वापरायची तर लवकर सुरू करा. २०३० पर्यंत स्थानक चालवायचं आणि मग प्रशांत महासागरात निर्जन भागात उतरवायचं, अशी योजना आहे. ते खाली आणणारं यान बनवण्याचं काम २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलंही गेलं.

आमची पुढची फेरी शुक्रवारी पहाटे ५ वाजून ४२ मिनिटांनी आहे, ७८ अंश. या वेळी आई मला उठवणार आहे.