घोडीचं गर्भाशय: धुवायचं की ऑक्सिटोसिनवर भागवायचं?

फळवल्यावर घोडीच्या गर्भाशयाला थोडी सूज येतेच; उरलेलं वीर्य आणि जंतू बाहेर टाकायची ती शरीराची रीत. धडधाकट घोडी एक-दोन दिवसांत मोकळी होते. वयस्कर, गर्भाशय खाली लोंबलेल्या घोडीत मात्र पाणी साचून राहतं.

ऑक्सिटोसिन हे गर्भाशय आवळणारं संप्रेरक (हार्मोन), स्वस्त आणि सोपं: १० ते २० युनिट टोचली की गर्भाशय आवळतं. पण परिणाम तासाभरात ओसरतो, म्हणून पुन्हा टोचणं आलं.

सोनोग्राफीत पाणी २ सेंटीमीटरहून जास्त किंवा गढूळ दिसलं, तर मी धुण्याच्या बाजूचा: एकेक लिटर रिंगर लॅक्टेट (सलाईनसारखं क्षारांचं निर्जंतुक द्रावण), परत येणारं पाणी नितळ होईपर्यंत. फक्त फळवल्यापासून ४ तासांच्या आत नको. शुक्राणूंना बीजवाहिनीत पोचायला तेवढा वेळ हवा. आणि धुतलं तरी आत राहिलेलं पाणी काढायला ऑक्सिटोसिन लागतंच.