अँटिव्हायरस निवडताना: मासिकाचे तारे की प्रयोगशाळेचे गुण?

फोंड्यातल्या आमच्या दुकानातला बिलांचा संगणक जुना, ४ जीबी रॅमचा. मासिकाने पाच तारे दिलेला अँटिव्हायरस त्यावर चढवला आणि ऐन चवथीच्या गर्दीत एकेक बिल निघायला मिनिट-मिनिट लागू लागलं. रात्री तेच परीक्षण पुन्हा वाचलं. कोणत्या मशीनवर तपासलं, किती दिवस वापरलं, काही पत्ता नाही. समोरच्या पानावर मात्र त्याच कंपनीची पानभर जाहिरात! (जाहिरात आली म्हणजे लबाडीच असं नव्हे, पण एकही खोट न काढणारं परीक्षण मला पचत नाही.)

जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ पैकी गुण देते. चांगल्या फाइलला व्हायरस ठरवलं तर तिसऱ्यात गुण कापले जातात. आवृत्ती आणि चाचणीचा काळही दिलेला असतो, त्यामुळे ताडून बघता येतं. अर्थात अशा चाचण्यांसाठी कंपन्याही पैसे मोजतात. शिवाय मेनू समजतो का, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती उकळतात, हे गुणांत दिसत नाही. ते मासिकातच सापडतं, लिहिणारा प्रामाणिक असेल तर.

सध्या मी वेगाचा रकाना आधी बघतो, मासिक नंतर. आणि चवथीच्या तोंडावर नवीन काही चढवत नाही.